शांततेच्या शोधात येणाऱ्या पाहुण्यांस

मुक्काम वाई, जि. सातारा

शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनो,



पुण्या-मुंबईच्या गर्दीला, हॉर्नला आणि धुराला वैतागून आपण कृष्णाकाठी येता, हे ऐकून ऊर भरून आला. सुरूर फाट्यावरून आत वळलेल्या आपल्या गाड्यांची रांग पाहिली की खात्रीच पटते : गर्दी आता तिकडे उरली नसणार. सगळी आपण बरोबर आणली आहे.

आपण आलात म्हणून आमचं ज्ञान वाढलं. घाट अंघोळीला, धुण्याला, उत्सवाला असतो एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्याच्या शेवटच्या पायरीला पुढची चाकं टेकवून मोटारीलाही अभ्यंगस्नान घालता येतं, आणि तिला कंटाळा येऊ नये म्हणून चारही दारं उघडी टाकून गाणी लावायची असतात, हे आपण शिकवलंत. वर पुन्हा ‘इथे किती शांत आहे ना!’ हे ओरडून सांगता. ओरडावंच लागणार, गाण्यांपुढे ऐकू कसं जाईल?

ढोल्या गणपतीची आपण पाठ बघितली नसेल. सेल्फीत पाठ येते ती आपली. 1762 साली सरदार रास्त्यांनी हे देऊळ नदीतच बांधलं आणि मागची भिंत माशाच्या आकाराची केली, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं. पाणी जातंही. आपल्या वेफर्सच्या पिशव्यांचा बंदोबस्त मात्र रास्त्यांना सुचला नाही. अठराव्या शतकातली माणसं. दूरदृष्टी कमी पडली.

जवळच्या मेणवलीला तर आपला मुक्कामच. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली, तेव्हाची पोर्तुगीज घंटा तिथे नाना फडणवीसांच्या घाटावर टांगली आहे. ती आपण रीलसाठी इतक्या त्वेषाने बडवता, की वसई आपणच घेतली असं वाटावं. ‘स्वदेस’चं चित्रीकरण याच घाटावर झालं, हे आपण सोबतच्या सगळ्यांना सांगता. त्या सिनेमाचा नायक मोहनही आधी बाटलीबंद पाणीच पितो. पुढे स्टेशनवरच्या पोराच्या हातचं मातीच्या पेल्यातलं पाणी पितो. आपला सिनेमा बाटलीपाशीच अडकलाय, आणि बाटली पायरीपाशी.

‘इथे करण्यासारखं काय आहे?’ असंही आपण विचारता. याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे खंडच्या खंड सिद्ध केले. त्यांना बिचाऱ्यांना झिपलाइन नव्हती, दुसरं करणार काय?

चेष्टा पुरे. आपण यावं, खानावळी, लॉज, रिक्षा आपल्यावर चालतात आणि नदी काही आमच्या एकट्याची नाही. पण गावाला स्वतःचा कचरा पुरून उरतो, बाहेरून आयात नको. आणलेलं परत न्या. गाडी पायऱ्यांपासून लांब लावा. गाणी आपल्या कानापुरती ठेवा. एवढं जमत नसेल, तर आपल्या सोसायटीच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसा. वातावरण हुबेहूब हेच, आणि टोल वाचेल.

कळावे, लोभ असावा. सोमवार ते शुक्रवार तर जरूर असावा.

आपला,
एक वाईकर

ता. क. : मेणवलीच्या घाटावर बाळाचा एक वापरलेला डायपर नीट घडी घालून ठेवलेला सापडला. घडी पाहता घर संस्कारी दिसतं. ओळख पटवून घेऊन जावा.