एका रुपयात मुस्तफा

साहित्य: एक रुपयाची नाणी दोन, एक मुठीत, एक मोज्यात. घराबाहेर पडायला निमित्त एक. गोरस भंडारातून दूध आणणं हे सगळ्यांत उत्तम, कारण त्यात सुट्ट्या पैशांचा हिशेब जरा सैल असतो. सायकल असल्यास व्हिडिओ गेमच्या दुकानासमोर लावू नये, वडील लांबून ओळखतात. साल १९९४ ते २००२ मधलं कोणतंही. हा शेवटचा जिन्नस आता बाजारात मिळत नाही, पण बाकीचं जमवून ठेवायला हरकत नाही.

कृती: आधी दुकान शोधावं. पाटी पाहत फिरू नका. वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, बस स्टँडच्या किंवा टॉकीजच्या आसपास कान देऊन चालावं. ज्या दाराला भर दुपारी जाड पडदा आहे आणि पडद्यामागून मारामारीचा आणि कूलरचा आवाज एकत्र येतोय, तेच दुकान. पडदा लाजेखातर नसतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांचं ऊन, आणि काचेवर उजेड पडला की शत्रू दिसत नाही. शेजारच्या काकूंना हे पटत नाही. जिल्ह्यात दारूबंदी; त्यामुळे पडद्याआड शिरणारा माणूस कशासाठी शिरतो, याचे त्यांचे अंदाज ठरलेले.

आत गेल्यावर नाणं काढू नये. नवशिके इथेच फसतात. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहावं, उजव्या खांद्याच्या जरा वर मान ठेवून. तीन-चार दिवस नुसतं पाहावं. कोणता ड्रम फोडला की खायला निघतं, बॉस कोणत्या बाजूनं उडी घेतो, कोणत्या मशीनचं हँडल डावीकडे अडतं. हे शिक्षण फुकट आहे, आणि या धंद्यात फुकट असं एवढंच आहे.

मशीनचा स्वभाव समजून घ्या. १९७२ साली अटारी कंपनीनं टेबल टेनिससारखा पाँग नावाचा खेळ बनवला आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी एका दारूच्या गुत्त्यात नेऊन ठेवला. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याचा निरोप आला. तो बनवणारा अ‍ॅलन अलकॉर्न जाऊन पाहतो तर बिघाड कसलाच नाही. नाण्यांचा डबा गच्च भरला होता. तेव्हापासून हा सगळा धंदा आपल्या मशीनला तोच आजार व्हावा म्हणून धडपडतो आहे. पोराला दोन-तीन मिनिटांत मारायचं, पण असं, की चूक आपलीच होती असं त्याला वाटावं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये तर हे आपसूक जमलं. जितके शत्रू माराल तितके पडद्यावर काढायचे कमी, म्हणून मशीन हलकं व्हायचं आणि उरलेले जोरात धावायचे. तोमोहिरो निशिकादोनं ते तसंच राहू दिलं. आमच्या दुकानात नाण्यांचा डबा श्रीखंडाचा होता आणि मालक तो दर तासाला रिकामा करायचा.

आता मुस्तफा. या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. कॅपकॉमनं तो १९९३ मध्ये काढला, मार्क शुल्ट्झच्या झेनोझोइक टेल्स या चित्रकथेवरून. गोष्टीचा नायक जॅक, गाडी जॅकची, पण इथे जॅकला कोण विचारतो? पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांत जोरात पळतो, म्हणून अख्खा खेळ त्याच्या नावावर झाला. बटणं दोन: एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की आजूबाजूचे सगळे आडवे होतात, पण आपलीही थोडी पॉवर कापली जाते. कंजूष पोट्टे ती वाचवत वाचवत मरतात. तसं करू नये. डायनोसॉरला मात्र हात लावू नये. तो बिचारा आपल्या वाटेनं चाललेला असतो. डिवचला की रंग बदलतो आणि दिसेल त्याला चावतो. सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

शेजारच्या मशीनवर १९९१ चा स्ट्रीट फायटर टू असेल. त्यातला धालसिम आपला: गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हातपाय रबरासारखे लांब. देशाभिमान म्हणून एकदा तो घ्यावा, हरावं आणि पुढच्या वेळी गुपचूप र्‍यू घ्यावा. हँडल खाली, तिथून तिरपं, तिथून समोर, आणि लगेच बुक्की. तोंडानं ‘आडूकेन’ ओरडल्याशिवाय ते निघत नाही, असं आम्ही मानत होतो.

धोके दोन. पहिला म्हणजे मिसरूड फुटलेला भाऊ. तुम्ही दुसऱ्या स्टेजच्या बुचरपाशी घामाघूम झालात की तो मागून वाकतो आणि मायेनं म्हणतो, “सरक नं बे, बॉस मी मारून देतो.” हँडल सोडू नका. तो बॉस मारतो, पण तुमच्या लाइफवर, आणि मग तिसऱ्या स्टेजला गाडी चालवायला मिळते तीही तोच चालवतो.

दुसरा धोका म्हणजे घरचा गॅस लायटर. तो नाण्याच्या फटीजवळ नेऊन टकटक केला की ठिणगीच्या झटक्यानं मशीनला नाणं पडल्यासारखं वाटतं. मी केलं आहे. सात ठिणग्यांत सात चान्स आले, आठव्या ठिणगीला पडदा पांढरा झाला आणि रांगेतल्या चौघांची नाणी बुडाली. मालक एवढंच म्हणाला, “काऊन बे, घरी माचिस नाही का?” घरी खरंच आठ दिवस माचिसनं चहा झाला. लायटर त्याच्या गल्ल्यावर ठेवलेला होता.

लाइट गेली तर पैसे परत नाहीत. यावर वाद घालू नये.

दुकानं गेल्यावर काय करावं? १९९७ पासून मेम नावाचा प्रोग्रॅम आहे, त्यावर हे खेळ कम्प्युटरवर चालतात. त्यात नाणं म्हणजे पाचाचं बटण. दाबत राहा, आठही स्टेज एका बैठकीत संपतात. मला चव लागेना. मग कृतीत काय राहिलं ते आठवलं आणि मुलीला बोलावून उजव्या खांद्यामागे उभं केलं. पहिली स्टेज तिनं मुकाट पाहिली. बुचर दोन्ही हातांत सुरे घेऊन आला, माझी पॉवर अर्ध्यावर आली, तशी ती वाकली आणि म्हणाली, “बाबा, सरका नं, मी मारून देते.”