अंड्याचा निकाल

कमलाभवानीच्या कृपेने करमाळा तालुक्यात ज्वारीस आणि मतांस कधी तोटा पडला नाही. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात मुलांस आठवड्यातून एक दिवस अंडे, आणि जो अंडे खात नसेल त्यास केळे अथवा स्थानिक फळ द्यावे, असा शासनाचा हुकूम सुटल्यापासून एस. टी. स्थानकाबाहेरील चहाच्या टपरीस न्यायासनाचे जे वैभव प्राप्त झाले, ते पाहता कचेरीने आपले दप्तर तेथेच हलवावे, असे आम्हांस वाटू लागले.

फिर्यादी पक्षातर्फे एक माळकरी आण्णा उभे राहत. "आमचं काय म्हणणं न्हाई, ज्याला खायचंय त्यानं खावं," अशी औदार्याची प्रस्तावना करून ते पुढील पाऊण तास खाणाराच्या सात पिढ्यांची सद्गती तहकूब करीत. त्यावर तालमीतले वस्ताद, "आण्णा, पोल्ट्रीच्या अंड्यातनं पिल्लू निघत न्हाई, ते शाकाहारीच," असा शास्त्राधार काढीत, आण्णा शांतपणे विचारीत, "मग एकादशीला खाशील का?" आणि एकादशीस भगरीखेरीज कशासही न शिवणारे वस्ताद निरुत्तर होत.

वस्तुतः या मुलखात शुद्ध शाकाहारी थोडे, शुद्ध मांसाहारी त्याहून थोडे. बहुसंख्य आहे तो वारांवर चालणारा मनुष्य. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. श्रावण आणि नवरात्र वजा जाता जे उरेल, त्यात आखाडातला बोकड आणि उजनीच्या फुगवट्यातली चिलापी बसवावी लागते. एकाच घरात सासऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आणि जावयाच्या ताटात तांबडा रस्सा. रस्सा परसात तीन दगडांच्या चुलीवर शिजतो, त्याचे पातेले निराळे, पळी निराळी. म्हातारा पडवीत पाठ फिरवून बसला की खटला दोन्ही पक्षांच्या संमतीने, वकिलावाचून, निकालात निघतो.

या जुन्या वहिवाटीत सरकारी लेखणी शिरली. जानेवारी २०२४ मध्ये पुरवणी हुकूम आला की ४० टक्के पालकांची हरकत असल्यास साऱ्या शाळेस केळेच द्यावे, आणि हरकत त्याहून कमी असल्यास मुलांच्या ओळखपत्रांवर लाल अथवा हिरवा ठिपका लावावा. स्मृतिकारांस न सुचलेली ही सोय शिक्षण खात्यास सुचली, याबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. मात्र बुधवारी लाल आणि गुरुवारी हिरवे असणाऱ्या आमच्या पोरांस एक ठिपका कसा पुरावा, याचा खुलासा हुकुमात नव्हता. केळ्यांविषयी तर काय बोलावे! आमच्याच तालुक्यातल्या कंदरची केळी पेट्यांत बसून आखाती देशांत जातात; तालुक्याच्या पोराशी त्यांची गाठ घालण्यास मंत्रालयातून फर्मान यावे लागले.

अखेर जानेवारी २०२५ मध्ये खजिन्याने अंड्याची तसलमात बंद केली, हवे असल्यास लोकवर्गणीतून द्या म्हणून कळविले, आणि जो वाद आण्णांच्या अध्यात्माने वा वस्तादांच्या विज्ञानाने मिटला नव्हता, तो हिशेबनिसाने एका ओळीत मिटविला. आण्णांनी हा धर्माचा विजय मानला, वस्तादांनी कारस्थान. वर्गणीची वही मात्र दोघांनीही काढली नाही.

सबब उभयतांस आमची विनंती: सरकार एका अंड्यास पाच रुपये धरीत होते, आणि टपरीवरचा चहा त्याहून महाग पडतो. आठवड्यातून एका चहाचे पैसे दोघांनीही शाळेत जमा करावे. अंडे घ्यायचे की केळे, ते पोरास विचारावे.