तुऱ्याचा चौथा दाता

कोंबडी म्हटलं की मला दोनच प्रश्न सुचतात : अंडी किती देते, आणि रश्श्याबरोबर वडे की भाकरी. ओहायोतल्या आमच्या शेजारच्या आजोबांपुढे मात्र हे दोन्ही प्रश्न काढायची सोय नाही. ते पट्टेदार प्लीमथ रॉक पाळतात, आणि तेही पुस्तकाबरहुकूम.

पुस्तक म्हणजे ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन १८७३ साली निघाली, पुढच्याच वर्षी तिनं कोंबड्यांची ही आचारसंहिता छापली. कोंबडा साडेनऊ पौंड, कोंबडी साडेसात. तुरा एकेरी, ताठ, पाच दात्यांचा. तुऱ्याला बाजूनं कोंब फुटला किंवा नडगीवर चुकून पीस उगवलं, की पक्षी प्रदर्शनातून बाद. अंडी किती घालते याला गुण नाहीत.

खरी गोम रंगात आहे. पट्टे पाडणारं जनुक नराकडे दोनदा असतं, मादीकडे एकदाच. म्हणून नराचे पांढरे पट्टे रुंद पडतात आणि तो उजळ दिसतो. प्रदर्शनात मात्र एके काळी दोघं एकाच छटेचे हवे असत! निसर्ग बधेना, तेव्हा माणसांनी तोड काढली : घराणीच दोन करायची. एका घराण्यातले नर बक्षिसाचे, माद्या काळपट. दुसऱ्यातल्या तलंगा देखण्या, नर फिके. म्हणजे ज्या माउलीनं विजेता जन्माला घातला, तिला मांडवात प्रवेश नाही. चिरंजीवांना रिबन, आईसाहेब खुराड्यात.

प्रदर्शनाआधी गॅरेजमध्ये अभ्यंगस्नान असतं. टॉवेल धरायला मी होतो. एका टबात साबण, दुसऱ्यात नुसतं पाणी, तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर. कोमट पाण्यात बसल्याबरोबर कोंबड्यानं काठावर मान टाकली आणि चक्क डुलकी काढली. मग नख्यांतली घाण टूथपिकनं, पिसं हेअर ड्रायरनं, तुऱ्याला व्हॅसलिन. लग्नात मीसुद्धा एवढा नटलो नव्हतो, असं घरी म्हणालो, तर बायको म्हणाली, “अहो, तुम्हाला तपासायला माझी आत्या होती. ती नखं नाही, पगार बघत होती.”

प्रदर्शनात परीक्षकानं कोंबडा अलगद बाहेर काढला, डोकं आधी. पंख उघडून पिसं बघितली, छातीचं हाड बोटानं चाचपलं, तुऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा डोकं आधी करून आत ठेवला. कोंबडा शांत होता. आजोबाही वरवर शांत होते. माझेच तळवे घामेजले होते.

दुसरा नंबर आला. तुऱ्याचा चौथा दाता किंचित वाकडा, असा शेरा. आजोबांनी तो मान्य केला, परीक्षकाचा हात हातात घेतला, पुढच्या मोसमाच्या जोड्यांवर गप्पासुद्धा मारल्या. मला नाही पटलं. तो तुरा मी स्वतः पुसला आहे. चौथा दाता सरळ होता. निकाल साफ चुकला.