एडिसनचे खोत

परमुलखात गेलेला कोकणी मनुष्य सर्वांत आधी काय करीत असेल, तर त्या मुलखाची मनातल्या मनात मोजणी. आमचे अण्णा या जातिवंत वर्गाचे अग्रणी. गुहागरच्या खालच्या पाटातील पोफळीची बाग, विहीर आणि घर हे सर्व, ज्याच्याशी गडग्यावरून तीन पिढ्यांचा तंटा चालू आहे त्या चुलतभावाच्याच हवाली करून (दावेदाराइतकी डोळ्यांत तेल घालून राखण दुसरे कोण करणार?), ते माईंसह न्यू जर्सीतील एडिसन या गावी मुलाच्या बिऱ्हाडी सहा महिन्यांच्या मुक्कामास दाखल झाले. मुलाने मोठ्या हौसेने मेन्लो पार्क दाखविले. येथेच 1876 साली एडिसनने प्रयोगशाळा थाटली आणि विजेच्या दिव्याने जग उजळले, वगैरे माहिती सांगितली. अण्णांनी ती शांतपणे ऐकून घेऊन एवढेच विचारले, "गावाचं आधीचं नाव काय, आणि फेरफार कधी झाला?" आधीचे नाव रॅरिटन आणि नामांतर 1954चे, हे कळताच त्यांच्या मुद्रेवर अनुकंपा पसरली. खोती नाहीशी करणारा कायदा 1949चा. म्हणजे हे नाव खोती गेल्यानंतरचे! अशा गावात माणसाला अदब ती काय असणार, असे त्यांचे मत तेव्हाच कायम झाले.

माईंचे बस्तान त्या मानाने लवकर बसले. ओक ट्री रोडवरच्या दुकानांत आमसुलापासून अळूपर्यंत सर्व काही मिळते, हे पाहून त्यांना हायसे वाटले. खवलेला नारळ मात्र बर्फाच्या विटेसारखा मिळतो, म्हणून गुहागराहून सामानात घालून आणलेली विळी त्यांनी स्वयंपाकघराच्या मध्यभागी मांडली आणि त्या पाटावर बसल्या तशी घराला दिशा आली. हापूसाविषयी मात्र उभयतांचे एकमत होते. 2007 साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडले खरे, पण त्याआधी त्याला लासलगावास नेऊन किरणांनी शुद्ध करण्याची अट घातली. "रत्नागिरीचा आंबा कांद्याच्या गावी जाऊन प्रायश्चित्त घेतो," अण्णा म्हणत, "आणि मग तुमच्या पंगतीला बसतो." तथापि पेटी आली की पहिली फोड त्यांचीच असे.

मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात त्यांनी भेटेल त्याचे मूळ गाव आणि कुलदैवत विचारण्याचा सपाटा लावला. व्याडेश्वर हे नाव उच्चारणारा प्रत्येक इसम तत्क्षणी भाऊबंद ठरत असे. परंतु यांतील कोणाशीही सामाईक बांध नसल्यामुळे ती भाऊबंदकी अण्णांना बेचव लागे. दिवस जात नव्हते. अखेर ऑक्टोबर उजाडला आणि शेजारच्या गुजराती गृहस्थांचा मेपल तांबडालाल होऊन गळू लागला.

या देशात पातेरा कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात आणि गावची गाडी तो घेऊन जाते, हे दृश्य ज्याने जन्मभर झाडांच्या मुळाशी पातेरा घातला आणि भाजावळीसाठी तो टोपल्याटोपल्यांनी गोळा केला, त्या पुरुषाच्या काळजाला कसे घरे पाडीत गेले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. अण्णांनी काठीने कुंपणाची रेघ पाहिली, अलीकडे पडलेला पातेरा आपल्या मालकीचा असल्याचे फांदीपलीकडे उभ्या असलेल्या गृहस्थांना मोडक्या हिंदीत बजावले आणि उत्तराच्या अपेक्षेने कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्या सज्जनाने हात जोडले, क्षमा मागितली आणि सगळी पाने स्वतः उचलून देण्याची तयारी दाखविली. अण्णांचा चेहरा पडला. जो तंटा गुहागरास सुखेनैव तीन पिढ्या पुरता, तो येथे तीन मिनिटांत निकालात निघाला होता.

पण त्यांनी पाने सोडली नाहीत. पहाटे उठून ते आळीतल्या लोकांनी ठेवलेल्या पिशव्या एकेक करून मागील दारी आणीत आणि पसरीत. तेथे कमरेइतका ढीग झाला, तेव्हा गावच्या कचेरीतून समज देणारा कागद आला. मुलगा गांगरला; सूनबाईंनी कपाळाला हात लावला. अण्णांनी मात्र चष्मा पुसून तो दस्तऐवज उजेडाला धरला, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. कुटुंबप्रमुख हयात असताना कागद मुलाच्या नावे निघावा याबद्दल किंचित नापसंती दर्शविली आणि माईंना हाक मारून चहा टाकावयास सांगितले. त्याच दिवशी एक नवी फाइल विकत आली. तिच्यावर त्यांनी ठळक अक्षरांत 'एडिसन: हद्द व पातेरा' असे लिहिले आणि जबाबाचा मसुदा सांगावयास बसले.

रात्री जेवताना त्यांनी परतीचे तिकीट पुढे ढकलण्याचे फर्मान काढले. सहा महिन्यांवर राहणे म्हणजे सरकारदरबारी स्वतंत्र अर्ज करावा लागेल, असे मुलाने परोपरीने विनविले.

"मग कर की अर्ज," अण्णा भात कालवीत म्हणाले. "मी तिकडे गेलो आणि इकडे तारीख लागली, तर हजर कोण राहणार? तू?"