हेमंत, कल्पना आणि मी

माझा आवाज चांगला आहे, असं मी म्हणत नाही. आमच्या सोसायटीचा गणपती म्हणतो. आरतीनंतरच्या सूचना, हरवलेल्या चपला, लिंबू-चमच्याची बक्षिसं, सगळं माइकवरून मीच जाहीर करतो. डोंबिवलीची गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ पासूनची. तिच्यात आमच्या चित्ररथाला निवेदक लागला, तर शोधायला कुणी फार लांब जात नाही. तेव्हा म्युनिकच्या नातीसाठी मराठी शब्दांची कार्डं करायचं ठरलं आणि मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही फक्त टाइप करा, बोलायचं काम सॉफ्टवेअर करेल," तेव्हा मला काय वाटलं असेल ते निवेदकांनाच कळेल.

सॉफ्टवेअरचं नाव अंकी. मी दोन अंकी, तीन अंकी पाहत वाढलो, त्यामुळे मध्यंतर कुठे आहे ते आधी शोधलं. डेमियन एल्म्स नावाच्या गृहस्थांनी जपानी शिकताना २००६ साली ते तयार केलं. कार्ड आठवलं तर ते काही दिवसांनी पुन्हा समोर येतं, नाही आठवलं तर लगेच. इथवर ठीक होतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि मध्यंतर खरंच लागलं.

कार्डाच्या साच्यात महिरपी कंसांच्या दोन जोड्या टाकायच्या, आत टीटीएस लिहायचं, मग भाषेची खूण, मग वेग. मराठीची खूण आहे 'एमआर अंडरस्कोर आयएन'. आमच्याकडे एमआर म्हणजे दवाखान्याबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसलेला औषधकंपनीचा माणूस. डॉक्टर मोकळे झाले तर त्याला दोन मिनिटं मिळतात. मराठीचं एकूण जे चाललंय ते पाहता खूण अगदीच चुकलेली नाही.

माझ्या जुन्या संगणकात मराठी आवाज नव्हताच. हिंदीतले दोघे मुक्कामाला होते, हेमंत आणि कल्पना. नावांवरून दोघं सत्तरच्या दशकातल्या कौटुंबिक नाटकातलं जोडपं वाटत होती. तिसऱ्या अंकात गैरसमज दूर होणार, नक्की. देवनागरी दोघांनाही वाचता येते, म्हणून मी त्यांना 'चार चाकं' वाचायला दिलं. आपण 'चार'चा च टाळूवर म्हणतो आणि 'चाक'चा दातांवर. लिहिताना फरक दिसत नाही, तो आईच्या तोंडून येतो. हेमंतने दोन्ही च एकाच साच्यातून काढले. कल्पनाने 'माझा'मध्ये 'माझी'चा झ घातला. गैरसमज दूर झाला नाही.

फोनमध्ये मात्र मराठी बाई मिळाल्या. वेग शून्य पूर्णांक आठ ठेवला, म्हणजे मुलीला समजेल. आवाजाची पट्टीही सरकवता येते, असं दिसलं. ती थोडी खाली ओढली की आवाज भारदस्त होतो, आणि भारदस्त म्हणजे माझ्यासारखा, म्हणून आणखी ओढली. त्यानंतर 'आंबा' हा शब्द शोकसभेतून आल्यासारखा ऐकू येऊ लागला.

आता आकड्यांचं. आठ वर्षांच्या मुलीला मी फक्त आंबा आणि चमचा शिकवणार नव्हतो. एक कार्ड केलं: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, देशातली पहिली प्रवासी गाडी. बाईंनी वाचलं, "एक हजार आठशे त्रेपन्न." अठराशे त्रेपन्न म्हणायचं हे यंत्राला कोण सांगणार? शेवटी मी साल अक्षरांत लिहिलं. पण त्रेपन्नवर नात अडली नाही. जर्मनमध्येही तीन आधी आणि पन्नास नंतर, म्हणून तिला ते घरचंच वाटलं. इकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नसाठी 'पन्नास तीन' आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. हेतू चांगला होता, जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण मुलांना होते हे खरंच आहे. पण डोंबिवलीत कुणाला विचारलं होतं का? इथे मूल एकोणसाठपर्यंतचे आकडे शाळेत शिकत नाही, वेळापत्रकावर शिकतं. "आठ त्रेपन्न गेली, आता आठ एकोणसाठ बघ," हे वाक्य जिना चढता चढता म्हणावं लागतं. "आठ पन्नास तीन" म्हणेपर्यंत गाडी कोपरला लागेल. कल्याणला रेल्वे १८५४ साली पोचली. तेव्हापासूनचा हा पाठ आहे, अभ्यासक्रम समितीच्या कितीतरी आधीचा. एकोणसाठवर मात्र नात चिडली. साठ झालेच नाहीत, तर आधीच साठाचं नाव कशाला, म्हणते. मी म्हटलं, तू एकदा डोंबिवलीहून नोकरी कर.

भाषांच्या खुणांची ती यादी मी पुन्हा उघडली आणि या वेळी हसू आलं नाही. इंग्रजीच्या पुढे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, भारत. जर्मनच्या पुढे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. ऑस्ट्रियाची वस्ती कोटीच्याही आत, तरी त्यांना वेगळी खूण. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींच्या वर, आणि खूण एक. त्या एकीत मालवण, नागपूर, बेळगाव सगळं कोंबलेलं. आमच्या घरी कामाला येणाऱ्या भोपरच्या मावशी आगरी बोलतात. गेल्या सुट्टीत नात त्यांच्याकडून 'पानी' शिकली, आणि मी दर वेळी जिवणी ताणून 'पाणी, ण' म्हणत राहिलो. यंत्रही अगदी तसंच म्हणतं. ते ऐकताना मला स्वतःचा राग आला आणि यंत्राचाही, कुणाचा जास्त ते ठरवता येईना.

शेवटी यंत्राचा आवाज काढून मी स्वतः ध्वनिमुद्रण केलं. पंखा बंद, खिडक्या बंद, घसा खडीसाखरेने साफ. थोडी कार्डं हिनेही केली, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या; 'भाकरी'च्या मागे कुकरची शिट्टी आहे, 'ये' म्हणताना ही खरोखरच कुणाला तरी बोलावते आहे. म्युनिकहून निकाल आला. आजीची कार्डं पुन्हा पुन्हा लावली जातात. माझ्याबद्दल नातीचं मत आहे, "आजोबा स्टेशनसारखे बोलतात."

तेव्हा ज्यांची नातवंडं परदेशी आहेत त्यांना एक विनंती. भाषेची खूण, वेग, पट्टी यांत संध्याकाळ घालवू नका. संगणकावर अंकीत कार्ड लिहिताना माइकचं चित्र दिसतं. एफ-पाच दाबलं तरी चालतं. घरातला जो कुणी सर्वात कमी निवेदन करतो त्याला समोर बसवा, आणि कृपा करून 'शुद्ध बोल' म्हणू नका.