ऑटोप्लेराव, आता नारळ घ्या

प्रति,
श्री. ऑटोप्लेराव,
मु. पो. प्रत्येकाचा मोबाइल.

विषय : आपल्या अखंड सेवेतून आम्हांस मुक्त करण्याबाबत.
संदर्भ : आम्ही कधीच न केलेला अर्ज.

स. न. वि. वि.

तुमची आमची ओळख आता चांगलीच जुनी झाली. सप्टेंबर २०१३मध्ये फेसबुकने न विचारता व्हिडिओ सुरू करण्यासाठी तुम्हांला मोबाइलवर उमेदवारी दिली. २०१५ साली यूट्यूब आणि ट्विटरनेही तुम्हांला कामावर घेतलं. तेव्हा आमच्याकडे एमबीत मोजायचे नेट पॅक होते आणि महिनाअखेरपर्यंत ते पुरवून पुरवून वापरावे लागत. तुम्ही आलात आणि कुणाच्या तरी मांजराच्या अंघोळीवर आमचा पॅक उडवलात. पुढे २०१६मध्ये जिओ आला, डेटा स्वस्त झाला आणि तुमच्यावरचा तोही आळ गेला. आता तुम्ही आमचे पैसे खात नाही, फक्त वेळ खाता. पैशांचा हिशेब आम्ही ठेवतो, वेळेचा ठेवत नाही. त्यामुळे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून काही हाती उरत नाही.

तुमच्या प्रसंगावधानाबद्दल तर काय बोलावं! परवा एका शोकसभेत दोन मिनिटं स्तब्धता सुरू होती. तिसऱ्या रांगेतल्या एका काकांनी किती वाजले ते पाहायला फोन उघडला. रात्री झोपताना उघडं राहिलेलं ॲप तुमच्या ताब्यात होतंच. भरल्या सभागृहात एक बाई ठसक्यात म्हणाल्या, "वांगी अशी देठापर्यंत चिरून घ्यायची, पण तुकडे होऊ द्यायचे नाहीत!" काका आवाज कमी करायची कळ चाचपू लागले आणि बोट नेमकं वाढवायच्या कळीवर पडलं. शेजारच्यांनी फोन हिसकावून खिशात कोंबला, तोवर खोबरं भाजून झालं होतं. दिवंगतांच्या फोटोसमोर माना खाली घालून बसलेल्या मंडळींना भरल्या वांग्याची आख्खी कृती तुम्ही विनामूल्य ऐकवलीत. कुणी मागितली होती का, हा प्रश्न तुमच्या सेवेच्या नियमांतच बसत नाही.

पंगतीत जिलबीचा आग्रह करणारा वाढपी आम्ही ओळखून आहोत. तो निदान समोर येऊन उभा राहतो, "घ्या हो, एकच" म्हणतो आणि ताटावर हात आडवा धरला की क्षणभर तरी थबकतो. तुम्ही आधी वाढता आणि नको म्हणायची सोय माळ्यावर नेऊन ठेवता. वर ताटात पडलेली प्रत्येक जिलबी पाहुण्यांनी खाल्ली, असं यजमानाच्या वहीत मांडून मोकळे होता.

हे मी मनचं सांगत नाही. फेसबुकच्या वहीत व्हिडिओ तीन सेकंद चालला की तो 'पाहिला' असं धरलं जाई. तीन सेकंदांत माणूस चष्मासुद्धा शोधू शकत नाही. पण तेवढ्यात तुम्ही आम्हांला प्रेक्षक करून टाकत होता. पुढे सप्टेंबर २०१६मध्ये फेसबुकलाच कबूल करावं लागलं की लोक सरासरी किती वेळ व्हिडिओ पाहतात, हा आकडा दोनेक वर्षं फुगवून सांगितला गेला होता. तीन सेकंदांच्या आत सटकलेली माणसं भागाकारात धरलीच नव्हती! कंटाळून उठून गेलेल्यांना वगळलं की राहिलेले सगळे रसिकच ठरतात. आमच्याकडच्या नाट्यनिर्मात्यांना ही युक्ती सुचली असती तर एकही नाटक पडलं नसतं. जाहिरातदार मात्र कोर्टात गेले आणि २०१९ साली फेसबुकने चार कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. दरम्यान 'लोकांना आता वाचायला नको, बघायला हवं' अशी हाकाटी पिटून अमेरिकेतल्या काही माध्यमांनी लिहिणाऱ्यांना नारळ दिला आणि व्हिडिओवाले नेमले.

ऑटोप्लेराव, इथवरचं हसण्यावारी नेता येईल. पण २६ ऑगस्ट २०१५ची सकाळ तशी नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका स्थानिक वाहिनीची वार्ताहर आणि तिचा कॅमेरामन थेट प्रक्षेपण करत असताना त्यांच्याच एका माजी सहकाऱ्याने दोघांना गोळ्या घातल्या. ते त्याने स्वतःच चित्रित केलं आणि ट्विटर नि फेसबुकवर टाकलं. ट्विटरवर तुम्ही रुजू होऊन तेव्हा दोनतीन महिनेच झाले होते. सकाळी फोन चाळणाऱ्या माणसांपुढे तो व्हिडिओ आला आणि कुणी बोटही न लावता सुरू झाला. 'पाहायचं की नाही' हे ठरवायला जो अर्धा क्षण लागतो, तेवढाच तुम्ही काढून घेता. एरवी त्या अर्ध्या क्षणाची किंमत कळत नाही. त्या दिवशी अनेकांना ती कळली.

तुम्ही म्हणाल, एवढा मी वाईट तर मला ठेवलंय कशाला? अहो, तुमच्या मालकांनाही तुमचे गुण पुरते ठाऊक आहेत. गूगलच्या क्रोमने एप्रिल २०१८पासून तुमच्या आवाजाला लगाम घातला. माणसाने स्वतःहून काही दाबलं नसेल, तर सहसा तुम्हांला मुक्यानेच नाचावं लागतं. ऑगस्ट २०२१मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की १३ ते १७ वर्षांच्या मुलांच्या खात्यांवर तुमची कळ मुळातच बंद ठेवू. म्हणजे मुलांना तुमच्यापासून जपायला हवं, हे कंपनीला मान्य आहे. अठरा पूर्ण झालेल्यांचं काय? ते समर्थ आहेत! ज्या वयात सरकार निवडायचा हक्क मिळतो, त्याच वयात पुढचा व्हिडिओ निवडायची दगदग तुम्ही आमच्या डोक्यावरून उतरवता.

तुमचं काहीच चांगलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दोन्ही हात कणकेत असताना एका अभंगामागून दुसरा आपसूक लागला, तर कुणाला नको आहे? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला प्रत्येक वेळी पडद्यापर्यंत हात न्यायला लागू नये, हेही खरंच. पण त्यांना तुम्ही हवे असाल तर ते बोलावतील. तुम्हांला सुरू करण्यासाठी एक कळ असावी, एवढंच आमचं मागणं आहे. आज आहे ती बंद करायची कळ, आणि तीही अशा जागी की तिच्यापर्यंत पोचेतो माणूस वाटेत चार व्हिडिओ पाहून बसतो. इन्स्टाग्रामवर तर रील आपोआप सुरू होणं थांबवायची साधी कळही मला सापडली नाही. तिथे तुम्ही नोकर नसून घरमालकच दिसता.

तेव्हा आमच्यापुरता निर्णय झाला आहे. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल शाल द्यायचा विचार होता. पण शाल दिली की लोक भाषण करतात, भाषण केलं की कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकतो आणि तो तुम्ही आम्हांलाच दाखवता. म्हणून नुसता नारळ स्वीकारावा. निवृत्तिवेतनाची चिंता नसावी. इतक्या वर्षांत आमच्याकडून जो वेळ घेतलात, तो सात पिढ्यांना पुरेल.

कळावे, लोभ नसावा, ही विनंती.

आपला,
एक सक्तीचा प्रेक्षक (निवृत्त)

ता. क. : हे ऑटोप्लेरावांसाठी नाही, वाचकांसाठी आहे. फेसबुकवर सेटिंग्जमध्ये 'मीडिया' शोधा, तिथे 'ऑटोप्ले'खाली व्हिडिओ कधीच आपोआप चालू नयेत हा पर्याय निवडा. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, 'ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड लँग्वेजेस'मधून 'डेटा युसेज'मध्ये जा आणि 'व्हिडिओ ऑटोप्ले'पुढे 'नेव्हर' करा. यूट्यूबवर कामं दोन आहेत. पुढचा व्हिडिओ आपोआप लागू नये म्हणून व्हिडिओच्या चौकटीतलीच कळ बंद करायची. यादी चाळताना व्हिडिओ हलू लागू नयेत म्हणून सेटिंग्जमधलं 'प्लेबॅक इन फीड्स' बंद करायचं. नावं आणि जागा हे लोक मधूनमधून बदलतात, तेव्हा नाही सापडलं तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑटोप्ले' लिहा. आणि घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर हे आधी करून द्या. त्यांना ही कळ असते हेच कुणी सांगितलेलं नसतं.