पांढरी एकच्या जरा खाली

जगात काही माणसं जुन्या जपानी स्पोर्ट्स कारच्या सुट्या भागांसाठी झुरत असतात. त्यांच्या झुरण्यानं कधीकधी कंपन्यांनाही पाझर फुटतो. मझदानं 2017 मध्ये आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी बंद झालेले भाग पुन्हा काढायचं जाहीर केलं, पुढं टोयोटानं जुन्या सुप्रासाठी तेच केलं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात सुप्रा नाही. असती तरी एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीनं लोकवर्गणीच्या उत्साहात घातलेल्या गतिरोधकावर पोट टेकून ती तिथंच स्थायिक झाली असती. पण झुरणं आहे, आणि तेही अस्सल जपानी. आमची स्पोर्ट्स कार दोन चाकांची आहे, तिला किक मारावी लागते, आणि तिचं नाव आरएक्स हंड्रेड.

1985 च्या अखेरीस ही गाडी भारतात आली. सुरुवातीला जपानहून सुटे भाग येत आणि एस्कॉर्ट्स कंपनी ते इथं जोडून विकत असे. इंजिन 98 सीसीचं. 50 मिलिमीटरच्या नळकांड्यात पिस्टन 50 मिलिमीटरच खालीवर होणार, म्हणजे आखणी करणाऱ्यानं हिशेब अगदी सोपा ठेवलेला. ताकद 11 अश्वांची आणि वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळं क्लच सोडताना जो गाफील राहिला तो मागच्या मागं रस्त्यावर बसलेला आढळे. त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी हंड्रेडही बाजारात आली होती. ती शहाणी, कमी पिणारी, चार स्ट्रोकची. लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांना ती पसंत असे आणि जावयाला ही. 1996 मध्ये धुराचे नियम कडक झाले, आरएक्स बंद झाली, आणि बंद झाल्या दिवसापासून तिची किंमत चढत गेली. माणसांच्या बाबतीतही आपण साधारण असंच करतो म्हणा.

आमच्या घरची आरएक्स आप्पाकाकांची. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तुळजापूरच्या बाजूला माळावरच्या एका वस्तीशाळेत त्यांची नेमणूक होती. मधे एकही झाड नसल्यामुळं त्यांच्या गाडीचा आवाज त्यांच्या बराच आधी शाळेत पोचायचा. आवाज कानावर पडला की पोरं सूरपारंब्या सोडून रांगेत बसत आणि एकोणीसचा पाढा वरच्या पट्टीत सुरू होई. काकांनी गाडी उभी करेपर्यंत वर्ग इतका रंगलेला असे की आपले विद्यार्थी अखंड अभ्यास करतात अशी त्यांची नोकरीभर प्रामाणिक समजूत राहिली. एकदा तालुक्याचे साहेब सायकलवरून, म्हणजे बिनआवाजाचे, अचानक आले होते. त्या दिवशी काय दिसलं हे साहेबांनी शेऱ्यात लिहिलं असावं, पण काकांनी ते वाचून कुणाला दाखवलं नाही.

आता काका निवृत्त आहेत आणि त्यांचा उजवा गुडघा किक मारू देत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याची वाटी बदलायचा सल्ला दिला तेव्हा काकांनी गंभीरपणे विचारलं, “कंपनीची मिळते का लोकल?” डॉक्टर हसले, काका हसले नाहीत. सुट्या भागांच्या बाजारात इतकी वर्षं घालवल्यावर हा प्रश्न विनोदाचा राहत नाही. गुडघा त्यांनी आहे तसा ठेवला. गाडी मात्र चालू राहिली पाहिजे. म्हणून दर रविवारी मी जाऊन किक मारतो, काका ओट्यावर बसून ऐकतात, आणि काही बिघडलं असेल तर ते माझ्याआधी त्यांना कळतं.

यंदाच्या उन्हाळ्यात बिघडलं ते असं. गार असताना गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची. चार किलोमीटर गेलं की रेस आपोआप चढायची, मूठ सोडली तरी उतरायची नाही. कार्ब्युरेटर खोलून जेट फुंकून झाले, केबल बदलून झाली. प्लग काढून पाहिला तर त्याचं टोक पांढरटफटक. मिस्त्री लोकांच्या भाषेत प्लग बिस्किट कलरचा हवा: काळा ओला निघाला तर पेट्रोल जास्त, पांढरा निघाला तर हवा जास्त. गाडी आमच्या चाचांकडं नेली. चाचांचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याला टांगलेले सायलेन्सर. त्यांनी पाना हातात घेतला नाही. गाडी चालू करायला सांगितली, डोळे मिटले, मान डावीकडं कलती केली आणि म्हणाले, “हवा घेतीय. मॅग्नेटकडून.”

टू-स्ट्रोक इंजिनाची गंमत अशी की त्यात पिस्टनच्या वर स्फोट होतो आणि खाली श्वास चालतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खालच्या पोकळीत ओढलं जातं, तिथं दाबलं जातं आणि मग वर ढकललं जातं. ती पोकळी बंद राहावी म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक रबरी कडं असतं, ऑइल सील. ते वयानं कडक होतं. क्लचकडचं गेलं तर इंजिन गिअरचं ऑइल पिऊन पांढरा धूर सोडतं. मॅग्नेटकडचं गेलं तर चोरून हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, गाडी उगाच उधळते, तापते, आणि एखाद्या दुपारी पिस्टन जागीच जाम होतो. चाचांनी डावीकडचं झाकण उघडलं, मॅग्नेट उतरवलं. खाली एक ओलसर काळी चंद्रकोर पसरलेली होती. सीलच्या ओठाला त्यांनी नख लावलं तर तुकडा मोडून बोटावर आला. एवढ्याशा वस्तूनं उन्हाळाभर घराला वेठीस धरलं होतं. “अस्सल आण,” चाचा म्हणाले, “दिल्ली माल आणलास तर दिवाळीला परत यावं लागंल.” मग सिलिंडरवरून अंगठा फिरवत काकांना दिलासा दिला, “पंचाहत्तरवर आहे गुरुजी. अजून एक साईज शिल्लक आहे.” या ब्लॉकला दर वेळी पाव मिलिमीटर बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवता येतो, आणि असे चार टप्पे मिळतात. पुढं नवीन स्लीव्ह. काकांनी ते ऐकून मान डोलावली. साईज शिल्लक आहे म्हटल्यावर चेहरा उजळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मग अस्सल शोधणं आलं. धाराशिवच्या दुकानात विचारलं की ते सोलापूरला पाठवतात, सोलापूरवाले पुण्याला, नाना पेठेत. नाना पेठेत दुकानदार तुमच्याकडं आधी नुसतं पाहतो. गिऱ्हाईक खरं आरएक्सवालं आहे की हौशी, हे तो बहुधा नखांतल्या काळ्या रेषेवरून ठरवत असावा. मी कुंथलगिरीचे पेढे नेले होते. पेढा तोंडात जाईपर्यंत सील उपलब्ध नव्हतं. गेल्यावर वरच्या फळीवरून एक पिवळी पडलेली पुडी खाली आली. तिच्याबरोबर त्यानं हळूच टाकीवरचा बिल्लाही दाखवला, वर्तुळात तीन सूरकाटे, चकचकीत. काकांच्या टाकीवरचा केव्हाच झिजून गेला होता. मी तोही घेतला. बुधवार होता, म्हणून जाता जाता जुन्या बाजारातही डोकावलो. तिथं घड्याळांचे काटे, पितळी नळ, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा आणि एक आरएक्सचा मडगार्ड शेजारी शेजारी पडले होते. त्यांच्यात तक्रार दिसली नाही.

बिल्ला लावल्यावर काका बराच वेळ टाकीकडं बघत बसले. मग म्हणाले, “हा आपला नाही. हा पियानोचा.” आणि ते बरोबर होतं. यामाहाच्या वाद्यांच्या कंपनीचं चिन्ह आणि मोटारसायकलच्या कंपनीचं चिन्ह दिसायला सारखंच, पण वाद्यांच्या चिन्हात तीन सूरकाटे वर्तुळाच्या आत मावतात आणि गाडीच्या चिन्हात त्यांची टोकं कड्याला भिडतात. नकली माल करणाऱ्या कुणीतरी घाईत चुकीचा नमुना उचलला होता. त्यामुळं धाराशिवच्या रस्त्यांवर आता एक पियानो फिरतो. त्या गाडीवर खात्रीनं अस्सल म्हणावी अशी वस्तू एकच उरली आहे, ती म्हणजे सक्तीनं बसवलेली नवी नंबर प्लेट. तिच्यावर होलोग्राम आहे.

पण पियानोचा बिल्ला तसा अगदीच चुकीचा नाही. या सगळ्या घराण्याचा उगम एका दुरुस्तीत आहे. 1887 साली जपानातल्या हामामात्सु गावी एका शाळेत अमेरिकेहून आणलेला पायपेटीसारखा ऑर्गन बंद पडला. वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणाऱ्या तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराला बोलावणं गेलं. त्यानं तो उघडला, तुटलेल्या स्प्रिंगा शोधल्या, वाद्य बोलतं केलं, आणि हे आपणही बनवू शकू असं त्याच्या मनानं घेतलं. बनवलेला ऑर्गन त्यानं आणि कावाई नावाच्या जोडीदारानं काठीला बांधून खांद्यावरून हाकोनेचा घाट ओलांडत तोक्योपर्यंत, सुमारे 250 किलोमीटर, चालत नेला. तिथल्या संगीताच्या जाणकारांनी ऐकून सांगितलं, बांधणी चांगली आहे, पण सुरात नाही. मग हा गृहस्थ तिथंच राहून सूर शिकला. मोटारसायकलची कंपनी पुढं 1 जुलै 1955 ला निघाली. मला त्या घाटातल्या दोघांचं फार वाटतं. खांद्यावर बेसूर पेटी, समोर चढण, आणि मधल्या गावातली माणसं विचारत असणार, काय नेताय?

आरएक्सच्या पोटात त्या ऑर्गनचं एक आडनातं अजून टिकून आहे. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधे रीड व्हॉल्व्ह असतो, म्हणजे पोलादाची कागदासारखी पातळ पाती. आतून ओढ लागली की ती उघडतात आणि दाब आला की मिटतात. पेटीत भात्याच्या वाऱ्यानं पितळी पातं थरथरतं, इथं पिस्टनच्या श्वासानं पोलादी. या इंजिनाची पूर्ण ताकद मिनिटाला 7500 फेऱ्यांवर मिळते. म्हणजे सेकंदाला 125 वेळा स्फोट आणि तितक्याच वेळा पात्यांची उघडझाप. पेटीवर मांडून पाहिलं तर हा सूर पुरुषाच्या आवाजातल्या पांढरी एकच्या षड्जाहून अर्ध्या सुराला जरा कमी इतका उतरलेला लागतो. हा हिशेब मी वहीत केला आणि काकांना दाखवला. ते म्हणाले, त्यात काय, मला माहीतच होतं.

सील बसवायच्या दिवशी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर सहज म्हणून चाचांच्या झाडाखाली येऊन बसले. चाचांनी नव्या सीलच्या ओठाला ऑइलचं बोट फिरवलं, जुन्या बेअरिंगची कडी त्यावर ठेवून हलक्या ठोक्यांनी ते जागेवर बसवलं, मॅग्नेट चढवलं. मी किक मारली. गाडी तापेपर्यंत सगळे गप्प. मूठ सोडली तशी रेस खाली आली. मग चाचांनी कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू धरला आणि मला एका जागी रेस धरून ठेवायला सांगितली. मास्तरांनी कान लावला. “थोडी चढीय,” ते म्हणाले. स्क्रू पाव फेरा फिरला. “आता?” “आता जरा जास्तच उतरली.” पुन्हा फिरला. काका ओट्यावरून इथवर चालत आले होते, काठी गुडघ्यांत धरून बसलेले, त्यांनी एक बोट वर केलं आणि चाचांचा हात तिथंच थांबला.

मास्तरांनी सल्ल्याचे पैसे घेतले नाहीत. चाचांनी मजुरीचे घेतले, मोडकं सील मात्र परत दिलं नाही. त्यांच्या डब्यात अशी कडी बरीच आहेत. काका परतताना मागं बसले, आणि तुळजापूर नाक्याच्या खड्ड्यात डावं साईड पॅनल उडून गेलं, ते मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॉलीखाली सापडलं. लाल रंगाचं, पट्ट्यासकट, डाव्या बाजूचं हवं आहे. नाना पेठेला विचारून झालंय, त्यांनी पेढ्यांची चौकशी केली.